नवी मोटरसायकल : पहिल्या हजार किलोमीटरची पथ्यं

पाडवा झाला की आठवडाभरात मला हमखास फोन येतात. यंदा पहिला फोन भाच्याचा होता. "मामा, गाडी घेतली. शोरूमवाले म्हणाले, हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही. मी कालपासून बरोबर चाळीसनंच चालवतोय. पण टॉपमध्ये चढाला लागली की धक्के खाते. तुम्हीच सांगा, काय करू?"

भाचा गुणी आहे, सांगितलेलं तंतोतंत पाळतो. पण त्याला फक्त आकडा मिळाला होता. चाळीस कुठल्या गिअरमध्ये, किती वेळ सलग, चढाला की सपाटीला, हे कुणी सांगितलंच नव्हतं. टॉप गिअरमध्ये चाळीसनं चढ चढवायला लावणं म्हणजे शेतात नुकत्याच जुंपलेल्या खोंडाला भरलेली गाडी ओढायला लावणं. वेग कमी, पण जीव सगळा निघतो.

मी साताऱ्यात वडिलांच्या गॅरेजात लहानाचा मोठा झालो आणि अजूनही गाड्याच उघडतो. पाच-सहा वर्षं चाललेलं इंजिन उघडलं की त्याचं पहिलं वर्ष कसं गेलं असेल, ह्याचा अंदाज बऱ्याचदा सिलिंडर पाहून येतो. म्हणून रनिंग-इनबद्दल, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'इंजिन फ्री होऊ देणं' म्हणतात त्याबद्दल, पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे. इथलं सगळं १०० ते ३५० सीसीच्या चार-स्ट्रोक गाड्यांना लागू आहे. त्याहून मोठी किंवा रेसिंगच्या वळणाची गाडी असेल तर तिची पुस्तिकाच प्रमाण माना.

आत काय चाललेलं असतं

हे आधी कळलं तर पुढचं काही पाठ करावं लागत नाही.

नव्या सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. तोच सिलिंडर खिडकीच्या उजेडात तिरका धरला की एकमेकींना छेदणाऱ्या बारीक बारीक रेषा दिसतात, टोपलीच्या विणीसारख्या. कारखान्यात त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. ह्या कामाला होनिंग म्हणतात. त्या रेषांच्या खाचांत ऑइल धरून राहतं आणि रेषांच्या कडा पिस्टनच्या, म्हणजे सिलिंडरात वरखाली होणाऱ्या दट्ट्याच्या, रिंगला घासतात. घासता घासता कडाही बोथट होतात आणि रिंगही त्याच सिलिंडरच्या मापाची होते. मग रिंग 'बसली' असं आम्ही म्हणतो. रिंग बसली की कॉम्प्रेशन, म्हणजे वायूवरचा दाब, पूर्ण मिळतं, खालचं ऑइल वर चढून जळत नाही, गाडीला पिकअप येतो.

आता रिंगला भिंतीवर दाबून धरतं कोण? तिचा स्वतःचा स्प्रिंगसारखा ताण असतो, पण तो थोडा. खरा जोर पेटलेल्या वायूचा. हा वायू रिंगच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. म्हणजे इंजिनाला काही कामच दिलं नाही, तर हा जोर मिळत नाही आणि रिंग नुसतीच वरवर घसरत राहते. भिंतीवर ऑइल भाजून काचेसारखा तकतकीत थर बसतो, रेषा बुजतात. एकदा हे झालं की रिंग पुढे आपोआप बसत नाही. उलट पहिल्याच दिवशी ॲक्सिलरेटरची मूठ शेवटपर्यंत पिळली, तर घासणाऱ्या जागा इतक्या तापतात की ऑइलचा पापुद्रा फाटतो आणि भिंतीवर उभे ओरखडे उठतात.

आपल्याला ह्या दोन टोकांच्या मधून जायचं आहे. इंजिनाला काम द्यायचं, पण थोडं थोडं, आणि मध्ये श्वास घेऊ द्यायचा.

रिंगशिवाय बाकीची मंडळीही नवीच असतात. गिअरचे दात एकमेकांना ओळखत असतात, क्लचच्या प्लेटी बसत असतात, व्हॉल्व्ह आपापल्या बैठकीत मुरत असतात, चेन ताणली जात असते. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच ह्यांना एकच ऑइल असतं. त्यामुळे ह्या सगळ्यांची झीज त्याच लिटरभर ऑइलमध्ये उतरते. हे लक्षात ठेवा, पहिल्या सर्व्हिसिंगला उपयोगी पडेल.

काही जण म्हणतात, आता सगळं कॉम्प्युटरवर कातलेलं असतं, रनिंग-इनची गरजच उरली नाही. अर्धं खरं आहे. येझदी, राजदूतच्या जमान्यात मापं आजच्याइतकी काटेकोर नव्हती. त्यातून त्या दोन-स्ट्रोक गाड्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. उतारावर मूठ सोडली की पेट्रोलबरोबर ऑइलही तुटायचं आणि तापलेला पिस्टन जाम व्हायचा. वडीलधाऱ्यांच्या तोंडची 'चाळीसच्या वर नाही' ही ताकीद त्या काळातून आली आहे आणि तेव्हा ती रास्तच होती. आजच्या गाडीचं इंजिन तसं पटकन जाम होणार नाही. पण धातूला धातू घासून जुळतो हे काही बदललेलं नाही, आणि म्हणूनच आजही बहुतेक कंपन्या पुस्तिकेत ह्या काळासाठी वेगळं पान देतात. होंडाच्या पुस्तिकांत पहिल्या ५०० किलोमीटरवर भर असतो, यामाहाच्या पुस्तिकांत १६०० पर्यंत. तुमच्या गाडीचं पान आज रात्रीच शोधून वाचा. माझ्या सांगण्यात आणि त्या पानात फरक पडला, तर पान खरं.

पायरी पहिली : शोरूममधून निघण्याआधी

पूजा होऊ द्या, हार घाला, चाकाखाली लिंबू ठेवा. फक्त एक विनंती. फोटो आणि व्हिडिओच्या नादात उभ्या गाडीला रेस देऊ नका. थंड इंजिन, ऑइल अजून वर पोचलेलं नाही, भार काहीच नाही, आणि आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या किती फेऱ्या हे दाखवणारा, काटा सहा हजारावर. इंजिनाचा सगळा दिवस त्यातच वाईट जातो.

मग गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करून ऑइल बघा. इंजिनाच्या बाजूला काच असेल तर पातळी दोन रेघांच्या मध्ये हवी. ऑइल मोजायची काडी असेल तर ती पुसून परत आत घालून बघा. काडीला आटे असतील तर बघताना आवळायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळं असतं, तेवढं विचारून घ्या. टायरमधली हवा मोजून मागा. वाहतुकीत आणि गोदामात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हवा बऱ्याचदा जास्त भरलेली असते, आणि जास्त हवेचा नवा टायर म्हणजे ओल्या फरशीवर मोज्यांनी चालणं. योग्य आकडा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, चिकटवलेला असतो. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरला थोडी मोकळीक आहे ना, ते हातानं बघा. ओडोमीटरवर किती किलोमीटर आहे त्याचा फोटो काढून ठेवा.

शोरूम देतं ते पेट्रोल जेमतेम पंपापर्यंत पुरतं. तेव्हा पहिला थांबा पंप.

पायरी दुसरी : पहिले पन्नास-शंभर किलोमीटर

ह्या टप्प्यात इंजिनापेक्षा टायर आणि ब्रेक सांभाळायचे आहेत. नव्या टायरची कातडी तुळतुळीत असते. वळणावर गाडी झोपवायचा मोह आवरा आणि वाळू, पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं ह्यांच्यावर ब्रेक टाळा. शंभरेक किलोमीटर रस्त्यावर घासून ती चमक गेली की पकड येते. चमक गेली का ते बोटानं कळतं, रबर मऊ आणि खरखरीत लागतं.

ब्रेकचंही तसंच. नवे पॅड किंवा शू डिस्कशी, ड्रमशी अजून पूर्ण टेकत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसांत पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून पंधरावर हळूहळू ब्रेक लावत यायचं, परत वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा करा. मध्ये ब्रेकला गार व्हायला वेळ द्या. ब्रेक छान बसतात. मात्र कुणी आडवं आलं, तर नव्या पॅडचा विचार न करता जोरात दाबा. गाडी कितीही नवी असली तरी माणूस आधी.

ह्याच दिवसांत सायलेन्सरजवळून जळका वास येईल. नव्या पाइपावरचं ऑइल, रंग, मेणाचा थर जळत असतो. दोन-चार दिवसांत जातो.

पायरी तिसरी : पाचशेपर्यंत

आता मुख्य भाग.

सकाळी सेल्फ मारा, अर्धा-एक मिनिट गाडी तशीच चालू द्या, हेल्मेटचा पट्टा आवळा, आणि निघा. पाच-पाच मिनिटं अंगणात गाडी चालू ठेवून 'गरम' करायची जुनी सवय नव्या इंजिनाला उपयोगाची नाही. त्यात भार शून्य. गाडी चालत चालत गरम झालेली बरी. पहिले दोन-तीन किलोमीटर मात्र अगदी अलगद.

आरपीएमचा काटा असेल तर लाल पट्टा जिथे सुरू होतो त्याच्या निम्म्यापर्यंत, फार तर थोडं वर, असा माझा साधा हिशेब आहे. काटा नसलेल्या १००-१२५ सीसीच्या चार गिअरच्या गाडीला मी असं सांगतो : पहिला गिअर फक्त गाडी हलवण्यापुरता, दुसरा पंचवीस-तीसपर्यंत, तिसरा चाळीसपर्यंत, चौथा पन्नासपर्यंत. मूठ निम्म्याहून जास्त पिळायची नाही. वेग वाढायला वेळ लागला तर लागू द्या.

खालची मर्यादाही तितकीच महत्त्वाची, आणि तीच लोक विसरतात. चौथ्यात पस्तीसच्या खाली गाडी आली आणि मूठ पिळल्यावर घुमल्यासारखा जड आवाज आला, टाकीला कंप जाणवला, तर इंजिन ओढत नाही, सोसतंय. लगेच एक गिअर खाली. भाच्याला मी फोनवर एवढंच सांगितलं, "चढ आला की तिसऱ्यात ये. चाळीस असू दे नाहीतर पस्तीस, आवाज मोकळा हवा." संध्याकाळी त्याचा मेसेज आला, गाडी धक्के खायची थांबली.

वेग सारखा बदलता ठेवा. इथे मी स्वतः चुकलो होतो. २००९ साली घेतलेली माझी १५० सीसीची गाडी दोनशे किलोमीटरही झाली नव्हती, तोच मी ती हायवेनं कोल्हापूरला नेली. जवळजवळ सव्वाशे किलोमीटर. टॉप गिअर, काटा एका जागी, मूठ एका जागी, कारण 'जपून' चालवायची होती. परत आलो तेव्हा मला वाटलं, आदर्श रनिंग-इन झालं. आठशे किलोमीटरला ऑइल बघितलं तर पातळी खालच्या रेघेला टेकलेली. गळती कुठेच नाही, म्हणजे ऑइल वर जाऊन जळत होतं. वडिलांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. बोटाला कोरडी काजळी लागायला हवी होती, ओशट काळं लागलं. ते काही बोलले नाहीत. नुसतं बोट माझ्यापुढे धरलं. ती गाडी मी अकरा वर्षं वापरली आणि अकरा वर्षं दर महिन्याला तिला ऑइल वाढवत राहिलो.

मग चालवायचं कसं? साताऱ्यात मला ह्यासाठी एक रस्ता फार आवडतो, यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणारा. पण तिथे पहिले दोन-अडीचशे किलोमीटर झाल्यावरच, एकटं आणि सकाळच्या गारव्यात. चढाला दुसरा-तिसरा गिअर, मूठ थोडी उघडी, गाडी ओढते आहे पण ओरडत नाही. वळणाआधी मूठ सोडायची, वळणानंतर परत उघडायची. वर पोचलं की गाडी बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं. येताना उतारावर तिसऱ्या गिअरमध्येच मूठ सोडून यायचं, क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून नाही. मूठ सोडली की सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होते, ती खालचं ऑइल थोडं वर रिंगपर्यंत खेचते, आणि घासून निघालेली पूड धुऊन जाते. भार द्यायचा, सोडायचा, परत द्यायचा. ह्या पन्नासेक किलोमीटरमध्ये रिंगचं जेवढं काम होतं, तेवढं गावातल्या ट्रॅफिकमध्ये दीडशे किलोमीटर करूनही होत नाही.

तुमच्याकडे घाट नसेल तर उड्डाणपूल, गावाबाहेरचा चढउताराचा रस्ता, काहीही चालेल. मराठवाड्यात, विदर्भात सपाटीवर राहत असाल तर मूठ हळू उघडत तिसऱ्यात तीसवरून चाळीसवर जा, मूठ सोडून परत तीसवर या. असं थोडा वेळ करत राहिलात तरी तेच साधतं.

डबल सीटचं काय? घरच्यांना पहिली चक्कर मारायची असते, ती मारा की. गावातल्या गावात डबल सीट चालतं. पण पहिल्या पाचशेत डबल सीट आणि घाट, किंवा डबल सीट आणि सामान, हे एकत्र नको. सिमेंटचं पोतं, दुधाचे कॅन, पेंडीची गोणी ह्यांना अजून महिनाभर जुनी गाडी वापरा.

उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये घेतलेली गाडी जास्त जपावी लागते. आपल्या बहुतेक गाड्या हवेवर गार होतात. चाळीस अंशांत ट्रॅफिकमध्ये उभी राहिलेली गाडी वाऱ्याअभावी तापतच जाते. सिग्नलला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबणार असाल तर बंद करा. सलग पाऊण तास किंवा चाळीस-पन्नास किलोमीटर चालली की दहा-पंधरा मिनिटं सावलीत उभी करा. गरम इंजिनावर पाणी मारू नका, धुवायची असेल तर पूर्ण गार झाल्यावर.

कुणाला गाडी घेऊन लगेच गावी जावंच लागतं. पुण्यात घेतली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला निघाला, तीनशेच्या वर किलोमीटर. माझा सल्ला, चार-पाच दिवस पुण्यात कामावर जा-ये करून दीडशे-दोनशे होऊ द्या, मग निघा. पहाटे निघा. सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णीपर्यंत सरळसोट रस्ता आहे, तिथेच डोळा लागल्यासारखी मूठ एका जागी राहते. दर पाच-सात मिनिटांनी वेग दहानं बदला, गिअर एकदा खाली घेऊन परत वर टाका. दर पन्नास किलोमीटरला चहा. दिवस जास्त जाईल, पण गाडी वाचेल. आणि घरी पोचल्यावर गार इंजिनात ऑइलची पातळी बघा.

पायरी चौथी : पहिलं ऑइल

माझ्या मते सगळ्या रनिंग-इनमध्ये ह्या एका गोष्टीला तोड नाही.

आमची आजी नुकतीच टाकी लावलेल्या, म्हणजे छिन्नीनं टोचलेल्या, जात्यातलं पहिलं दळण कधी घरात खाऊ देत नसे. त्यात दगडाची कच असते. ते पीठ बाजूला काढायचं आणि मग खऱ्या दळणाला बसायचं. पहिलं ऑइल म्हणजे तेच पहिलं दळण.

एकदा तरी ते निघताना स्वतः बघा. इंजिन कोमट असताना खालचा नट सोडला की आधी ऑइल सरसरून येतं आणि मग धार बारीक होते. ट्रेमधलं ऑइल उन्हात धरून हळूच हलवा. वरून ते तांबूस काळं दिसतं, पण हलवलं की आत चंदेरी धूळ वळसे घेत फिरते, गणपतीच्या आराशीतल्या चमकीसारखी. दोन बोटांत चोळलं तर हाताला काहीच टोचत नाही, इतकी ती बारीक. काही गाड्यांच्या नटाला लोहचुंबक असतं, त्यावर करड्या रंगाची मऊ शेवाळासारखी लव जमलेली दिसते. घाबरू नका, हे व्हायलाच हवं. घाबरायचं ते टोचेल असा तुकडा, कीस किंवा पत्र्याची साल निघाली तर. तशी निघाली तर ऑइल फेकू देऊ नका, फोटो काढा आणि लेखी तक्रार द्या.

पहिली सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते, आणि सोबत दिवसांचीही मुदत असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते. गाडी कमी चालली म्हणून पुढे ढकलाल तर वॉरंटीत अडचण येते. मजुरी ह्या वेळी फुकट असते, ऑइलचे पैसे मात्र साधारणपणे द्यावे लागतात. तिथे पैसे वाचवायला 'नुसतं टॉप-अप करा' कधीही म्हणू नका.

सर्व्हिसिंगला गाडी टाकून निघून जाऊ नका, ह्यालाही कारण आहे. बहिणीच्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगनंतर बिलात ऑइल लागलं होतं, जॉब कार्डावर 'बदललं' अशी टिकही होती. घरी येऊन मी काडी काढली तर ऑइल काळंच, आणि उन्हात धरलं तर त्यात तीच चंदेरी चमक. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेलो, काडी दाखवली, तेव्हा बदलून मिळालं. त्यानंतर मी सगळ्यांना सांगतो, निघताना काडी काढून बघा, नवं ऑइल मधासारखं दिसतं.

ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच. बऱ्याच लहान गाड्यांना १०डब्ल्यू-३० लागतं, पण तुमच्या गाडीचं वेगळं असू शकतं. बाहेरून विकत घेत असाल तर डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' लिहिलेलं बघा. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं काही ऑइल किंवा स्कूटरचं 'एमबी' ऑइल जास्त निसरडं असतं, त्यानं क्लच घसरायला लागतो. आणि पेट्रोलमध्ये, ऑइलमध्ये घालायच्या बाटल्या कुणी सुचवल्या तर ह्या काळात नकोच म्हणा. आत्ता आपल्याला योग्य तेवढं घर्षण हवंच आहे.

ऑइलबरोबर मेकॅनिकला आणखी काही सांगायचं असतं. ऑइल फिल्टर किंवा गाळणी बघा, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची मोकळीक, तपासा, चेन ताणा, क्लचची केबल सेट करा, नटबोल्ट आवळा. तारांचं चाक असेल तर तारा वाजवून बघायला सांगा, सैल तार ठसठशीत वाजत नाही, बद्द आवाज करते. टॅपेट तपासणं गार इंजिनात होतं. म्हणून सकाळी पहिल्या नंबरला गाडी लावा आणि शक्य असेल तर आदल्या रात्री सोडून या. नवी चेन पहिल्या पाचशेत भराभर सैल होते. मधोमध बोटानं वरखाली केली तर साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी, नेमकं माप पुस्तिकेत.

पायरी पाचवी : पाचशे ते हजार, आणि थोडं पुढे

नवं ऑइल पडलं की गाडी त्याच दिवशी वेगळी लागते. गिअर मऊ पडतात. आता मर्यादा दहानं वाढवा, लहान गाडीला टॉपमध्ये साठपर्यंत. मूठ तीन-चतुर्थांश उघडायला हरकत नाही, पण थोड्या सेकंदांसाठी, मग सोडायची. सातशे-आठशेनंतर मोकळ्या रस्त्यावर, इंजिन पूर्ण गरम असताना, तिसऱ्या गिअरमध्ये एकदम न ओढता जोमानं वेग घ्या, मग मूठ सोडून गाडी आपोआप हळू होऊ द्या. दिवसातून चार-पाच वेळा पुरे. हजारानंतर डबल सीट घाट, सामान, सगळं हळूहळू सुरू करा. सलग शंभर किलोमीटर एकाच वेगानं पळवणं मात्र दीड-दोन हजारांपर्यंत टाळलेलं चांगलं.

पहिल्या दिवसापासूनच जोरात पिळून इंजिन 'मोकळं' करायचं, असं सांगणारेही भेटतील. त्यांच्या म्हणण्यात रिंगला भार हवा हा भाग बरोबर आहे, तो मी वर सांगितलाच. पण ते बहुतेक रेसच्या इंजिनाबद्दल बोलतात, जे थोड्या फेऱ्यांनंतर परत उघडून तपासलं जातं. आपली गाडी दहा वर्षं कामावर न्यायची आहे.

मधल्या काळात येणाऱ्या शंका

ॲव्हरेज कमी मिळतंय : मिळणारच. आत सगळं घट्ट आहे. दोन हजार झाल्याशिवाय ॲव्हरेज मोजून मन खट्टू करून घेऊ नका.

इंजिन फार तापतंय असं वाटतं : नव्या इंजिनाची धग पायाला जास्त लागते, पुढे कमी होते. तापून ताकद कमी झाली, किंवा आतून खडखड आली, तर मात्र तिथेच थांबवा.

सकाळी पांढरा धूर : थंडीत वाफ असते, मिनिटभरात जाते. निळसर धूर आणि ऑइलचा वास दिसला तर सर्व्हिस सेंटर गाठा.

न्यूट्रल लागत नाही : पहिले काही दिवस बऱ्याच गाड्यांचं होतं. गाडी थांबायच्या आधी, किंचित चालती असताना न्यूट्रल टाका. पायानं लाथ मारल्यासारखं दाबू नका.

ऑइल किती वेळा बघू : पहिल्या हजारात दर अडीचशे किलोमीटरला. मी टाकीखालच्या डब्यात पुस्तिकेबरोबर एक छोटी वही ठेवायला सांगतो. तारीख, किलोमीटर, ऑइलची पातळी, चेन ताणली का, एवढंच. भाच्यानं ती ठेवली आहे. काल त्यानं फोटो पाठवला, ७४० किलोमीटर, पातळी वरच्या रेघेच्या किंचित खाली, सर्व्हिसिंगनंतर होती तिथेच. खाली लिहिलं होतं, 'रविवारी यवतेश्वर, मामा येणार.'